पाच लाखांच्या कार्डावर डोळ्यांचा नंबर निघत नाही: सोलापुरात तपासणी कशी करून घ्यावी

खिशात आयुष्मान कार्ड आहे म्हणून माणूस खासगी नेत्ररुग्णालयात जातो, काउंटरवर कार्ड ठेवतो आणि म्हणतो, "नंबर तपासायचाय." समोरून उत्तर येतं, "यावर ओपीडी होत नाही." मग तो एकतर खिशातले पैसे भरतो, नाहीतर "योजना नुसत्या नावाला" म्हणत घरी परततो आणि पुढची काही वर्षं डोळे दाखवतच नाही. चाळिशी उलटलेल्या, साखर असलेल्या माणसानं हे दुसरं केलं तर ते फार महागात पडतं.

काउंटरवरचं उत्तर बरोबरच असतं. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या दोन्ही योजना रुग्णालयात होणाऱ्या ठरावीक उपचारांसाठी आणि शस्त्रक्रियांसाठी आहेत. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण त्या उपचारांना आहे. नुसती नंबर तपासणी, दरवर्षीची डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी, चष्मा यात येत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्यांना मिळणारं वय वंदना कार्डही याच जातीचं आहे.

तरीही सोलापुरात डोळ्यांची नियमित तपासणी फुकट किंवा नाममात्र खर्चात होते. फक्त क्रम उलटा धरावा लागतो: आधी सरकारी ओपीडी किंवा कामगार विमा, आणि शस्त्रक्रिया निघालीच तर मग कार्ड.

थांबा: अचानक दिसेनासं झालं, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होतंय, काळे ठिपके एकदम वाढले, पडदा ओढल्यासारखं वाटतंय, किंवा डोळ्यात चुना, ॲसिड, रंगाचं केमिकल गेलंय, तर हा लेख बाजूला ठेवा. केमिकल गेलं असेल तर आधी किमान १५ ते २० मिनिटं स्वच्छ पाण्याच्या धारेनं डोळा धुवा, मग थेट रुग्णालयात जा. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोरांच्या हातात फुटते आणि घरचे लोक आधी रिक्षा शोधतात. आधी नळ.

## टप्पा १: तुमचं दार कोणतं ते ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. घरातल्या प्रत्येकाचं दार वेगळं असू शकतं. नवरा चिंचोळी एमआयडीसीत कंपनीत, बायको घरी विड्या वळते, सासरे पंचाहत्तरीचे, पोरगी महापालिकेच्या शाळेत. या चौघांसाठी एकच कार्ड शोधत बसू नका.

क) पगारातून ईएसआय कापला जात असेल तर कामगार विमा. सर्वसामान्य माणसासाठी असलेल्या सरकारी विम्यांत ओपीडीसह सगळा इलाज देणारा हाच. सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार यात येतात. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. म्हणजे १४,००० पगार असेल तर तुमचे १०५ रुपये जातात. पगारपत्रकावर ही कपात दिसत असेल, तर बायको, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांची डोळे तपासणीही त्यात होते.

यंत्रमागावर आठवड्याला रोख मजुरी घेणाऱ्यांची पंचाईत अशी की पत्रकच नसतं. "साहेब म्हणतात, कापतो" यावर विसंबू नका. विमा क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर विमाही नाही.

निवृत्त झालेल्यांनी हे नीट वाचावं. किमान पाच वर्षं विम्यात राहून वयोमानानं निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःचा आणि जोडीदाराचा औषधोपचार चालू ठेवता येतो. गिरणीतून, कारखान्यातून निवृत्त झालेली किती तरी माणसं हे न करता खासगीत पैसे मोजतात.

ख) वरचं लागू नसेल तर सरकारी ओपीडी. यासाठी विमा लागतच नाही. शहरात मोठं ठिकाण म्हणजे सिव्हिल, अर्थात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तिथे स्वतंत्र नेत्रविभाग आहे, त्यामुळे नंबरपासून पडद्यापर्यंत सगळं एका छताखाली होतं.

एक बारकावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. सिव्हिल मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं, म्हणून तिथे केसपेपरचं आणि काही तपासण्यांचं नाममात्र शुल्क असतं. तेवढ्यावरून खिडकीवर भांडू नका. पिवळं रेशनकार्ड असेल तर सवलतीचं मात्र जरूर विचारा.

तालुक्यातल्या लोकांनी नुसत्या नंबरासाठी सोलापूर गाठायची गरज नाही. पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि तालुक्यांची ग्रामीण रुग्णालयं मोफत सेवेत आहेत. ग्रामीण रुग्णालयात नंबर काढण्याचं काम नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याचं. ते शाळा तपासणीला, शिबिराला बाहेर जातात, म्हणून रोज भेटतीलच असं नाही. ओपीडीचा वार आधी विचारून मगच एसटी धरा.

ग) शाळकरी मुलं आणि अंगणवाडीतली पोरं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा. ही चाळणी आहे. पथकाच्या चिठ्ठीवर "रेफर" लिहिलं असेल तर ती चिठ्ठी म्हणजे चष्म्याचा नंबर नव्हे. ती घेऊन पुढे रुग्णालयात जायचं असतं. बऱ्याच घरी ती चिठ्ठी दप्तरातच राहते.

घ) रेल्वेवाले. तुमचं रेल्वे रुग्णालय आणि तुमचं कार्ड. बाकी रांगा धरायची गरज नाही.

तपासून घ्या: हातातलं कार्ड नक्की कोणतं आहे? १४ आकडी क्रमांकाचं आभा कार्ड म्हणजे विमा नाही. ते आरोग्याच्या नोंदी जोडायचं खातं आहे. सरकारी रुग्णालयात केसपेपरची रांग वाचवायला ते कामाला येतं, पैसे मात्र त्यातून येत नाहीत. "आमचं आयुष्मान निघालंय" म्हणणाऱ्या कित्येकांच्या हातात प्रत्यक्षात आभा असतं.

## टप्पा २: कागद आणि नावं जुळवा

सोबत न्यायचं ते असं: आधार, रेशनकार्ड, आधीचे सगळे केसपेपर, जुना चष्मा आणि जुन्या नंबराची चिठ्ठी. कामगार विमावाल्यांनी ई-पहचान पत्र. साखर, बीपी असेल तर ताजे रिपोर्ट.

जुना चष्मा घरी ठेवून जाऊ नका, मोडका असला तरी. आधीचा नंबर त्याच काचेतून मोजता येतो आणि फरक किती पडला ते तिथल्या तिथे कळतं.

आता नावाचं. सोलापुरात हा त्रास इतर शहरांपेक्षा जरा जास्तच, कारण घरात तेलुगू किंवा कन्नड, कागद मराठीत आणि आधार इंग्रजीत. रेशनकार्डावर "व्यंकटेश", आधारवर "वेंकटेशम". एकीकडे "लक्ष्मीबाई", दुसरीकडे नुसतं "लक्ष्मी". आडनाव कधी आधी, कधी शेवटी. ओपीडीत यानं काही अडत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी योजनेची नोंदणी करताना मात्र नेमकं इथेच घोडं अडतं. आज घाई नाही तेव्हाच आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून नाव, जन्मसाल आणि घरातल्या सगळ्यांची नावं ताडून पाहा. नव्या सुनेचं नाव रेशनकार्डात चढलेलं नसतं, ही ठरलेली चूक.

कामगार विम्यात कुटुंबाची नावं मालकाकरवी किंवा पोर्टलवर चढवावी लागतात. तुमचा क्रमांक चालू आहे एवढ्यावर बायकोची तपासणी होत नाही. तिचं नाव आणि आधार त्या क्रमांकाला जोडलेलं पाहिजे. नाव कामगार विम्याच्या कोणत्या दवाखान्याला जोडलंय तेही पाहा. अक्कलकोट रोडचं काम सोडून दुसरीकडे लागलात आणि दवाखाना जुनाच राहिला, तर पहिला अर्धा दिवस त्यातच जाईल.

## टप्पा ३: जाण्याआधीची तयारी

साखर फार वाढलेली असताना काढलेला नंबर खोटा निघतो. डोळ्यातल्या भिंगाला पाणी चढतं आणि नंबर सरकतो. साखर खाली आली की तोच चष्मा नकोसा होतो. नुकतीच औषधं बदलली असतील तर साखर काही आठवडे स्थिर राहू द्या आणि मग चष्म्याचा नंबर काढा. पडद्याची तपासणी मात्र यासाठी लांबवू नका. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झालं की लगेच आणि पुढे दरवर्षी पडदा पाहायचा असतो, दिसतंय की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. पडदा खराब होताना सुरुवातीला काहीच दुखत नाही की अंधुकही दिसत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर किती दिवस आधी काढायची ते विचारून ठेवा. चालू गोळ्यांची यादी लिहून न्या. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या काकांनी ते नाव आवर्जून सांगावं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्या गोळीमुळे बाहुली नीट उघडी राहत नाही आणि डॉक्टरांना आधी माहीत असलं तर ते तयारीनं उतरतात.

घरात कोणाला काचबिंदू असेल तर तेही सांगा. आईवडील, भाऊबहीण यांना असेल तर तुमचा धोका वाढतो आणि डोळ्याचं प्रेशर बघायचं की नाही हे त्यावरून ठरतं. गर्दीच्या ओपीडीत आपण बोललो नाही तर विचारायला वेळ असेलच असं नाही.

थांबा: त्या दिवशी मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर डोळे उघडवत नाहीत. सोबत एक माणूस आणि गॉगल किंवा टोपी हवीच.

## टप्पा ४: तपासणीच्या दिवशी, क्रमानं

१. सकाळी लवकर पोचा. केसपेपरची खिडकी ओपीडी संपण्याच्या आधीच बंद होते. खिडकीवर "डोळे" एवढं स्पष्ट सांगा, नाहीतर जनरल ओपीडीत पाठवतील आणि तिथून पुन्हा चिठ्ठी.

२. आधी दूरचा तक्ता वाचून घेतात, एकेक डोळा झाकून. बोटांच्या फटीतून बघू नका आणि डोळे बारीक करू नका. अक्षर ओळखता येत नसेल तर तसं सांगा, इथे मार्क मिळत नाहीत. वाचता येत नसलेल्यांसाठी दिशेच्या खुणांचा तक्ता असतो, तो मागायला लाजू नका.

३. मग मशीनवर हनुवटी ठेवून नंबर घेतात. त्यातून निघणारी छोटी पट्टी म्हणजे अंदाज. ती घेऊन चष्म्याचं दुकान गाठणारे लोक आहेत. खरा नंबर ठरतो तो चाचणीच्या फ्रेममध्ये काचा बदलत, तुम्हाला विचारत विचारत. "हे बरं की ते बरं?" याचं उत्तर सावकाश द्या. दोन्ही सारखंच वाटत असेल तर "सारखंच" म्हणा.

४. वय चाळीसच्या पुढे असेल तर डोळ्याचं प्रेशर मोजायची विनंती करा.

५. थेंब घालून पडदा. थेंबांनंतर अर्धा-पाऊण तास बसावं लागतं. इथेच लोक उठून जातात. "नंबर तर मिळाला, कशाला थांबायचं?" साखरवाल्यांसाठी आणि जास्त मायनस नंबरवाल्यांसाठी हाच भाग महत्त्वाचा आहे. नंबर चष्म्याच्या दुकानातही निघाला असता.

लहान मुलांचं थोडं वेगळं. त्यांचे डोळे जवळ बघायचा जोर लावून नंबर लपवतात, म्हणून तो जोर सैल करणारं औषध घालून नंबर काढतात. घरी तीन दिवस लावायचं ॲट्रोपिनचं मलम दिलं, तर डोस लिहून घ्या, लावल्यावर हात धुवा आणि ट्यूब पोराच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. नंतर दहा-बारा दिवस वाचायला अंधुक दिसू शकतं. परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी धरू नका. ताप आला, चेहरा लाल झाला, पोर बडबडायला लागलं तर मलम बंद करून लगेच डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा ५: चिठ्ठी हातात आल्यावर, खिडकीजवळून हलण्याआधी

- उजवा आणि डावा वेगळे लिहिलेत का?
- प्रत्येक आकड्यापुढे अधिक किंवा उणे चिन्ह स्पष्ट आहे का? उण्याची रेघ पुसट असेल तर तिथेच ठळक करून घ्या. चुकीचं चिन्ह म्हणजे पूर्ण उलटा चष्मा.
- तिरपा नंबर (सिलिंडर) असेल तर त्याचा अक्ष (ॲक्सिस) लिहिलाय का? तो १ ते १८० मधला आकडा असतो.
- चाळिशीनंतर जवळचा वाढीव नंबर आहे का?
- चष्मा लावून किती दिसतं, म्हणजे ६/६, ६/९ वगैरे, हे लिहिलंय का?

शेवटचं कोणी मागत नाही. पण चष्मा लावूनही ६/६ होत नसेल तर का होत नाही, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. मुलाचा एक डोळा चष्म्यानंही कमी दिसत असेल तर तो आळशी डोळा असू शकतो आणि त्याच्या उपचाराला सात-आठ वर्षांच्या आतलं वय सगळ्यात चांगलं.

केसपेपरचा फोटो काढून ठेवा. पावसात भिजलेला केसपेपर पुढच्या वर्षी कोणाच्याच कामाचा नसतो.

## टप्पा ६: चष्मा

तपासणी फुकट झाली म्हणून चष्माही फुकट असं नाही. राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिक्षीणता नियंत्रण कार्यक्रमातून गरजू शाळकरी मुलांना आणि जवळचं न दिसणाऱ्या ज्येष्ठांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. ते आपोआप घरी येत नाहीत. नेत्रविभागातच विचारा, यादीत नाव घालून घ्या आणि कधी यायचं ते केसपेपरवर लिहून घ्या. कामगार विम्यात चष्म्याचे नियम वेगळे आहेत, म्हणून विकत घेण्याआधी दवाखान्यात विचारा. आधी विकत घेऊन मग बिल दाखवणं सहसा फळत नाही.

विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बायकांनी नंबर काढताना काम किती अंतरावर असतं ते हातानं दाखवावं. सुपातली विडी आणि मशीनवरची सुई एका अंतरावर नसतात. "जवळचा चष्मा" म्हणून सरसकट दिलेला नंबर लावून मान वाकवत बसणाऱ्या बायका सोलापुरात घराघरात दिसतील.

नवा चष्मा आठवडाभर वापरूनही चक्कर, डोकेदुखी, जमीन तिरकी दिसणं थांबत नसेल तर आधी दुकानात काचेचा नंबर चिठ्ठीशी ताडून घ्या. चूक बऱ्याचदा तिथे सापडते.

## टप्पा ७: शस्त्रक्रिया निघाली तर आता कार्ड काढा

मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्याचा आजार, तिरळेपणा असं काही निघालं आणि रुग्णालयातला उपचार लागणार असेल, तर पाच लाखांच्या योजनेची वेळ आली.

१. आधी विचारा: हाच उपचार इथेच, सिव्हिलमध्ये होतो का? होत असेल तर बाहेर जायचं कारण नाही.

२. बाहेर जायचं असेल तर रुग्णालय योजनेत आहे एवढं पुरत नाही. ते डोळ्यांसाठी योजनेत आहे का आणि तुमचा नेमका उपचार तिथे बसतो का, हे पाहा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. जन आरोग्य योजनेची मदतवाहिनी १५५३८८ आणि आयुष्मानची १४५५५, दोन्हींवर हे विचारता येतं.

३. रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांच्या आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर जा. रेशनकार्ड, आधार, सरकारी रुग्णालयाचा केसपेपर दाखवा. टप्पा २ मध्ये जुळवलेली नावं इथे कामाला येतात. आता पांढरं कार्ड असणारेही या योजनेत आहेत, तेव्हा "आम्हाला कुठलं मिळतंय" म्हणून घरी बसू नका.

४. नोंदणी, मग रुग्णालयाकडून पूर्वमंजुरीचा अर्ज, मंजुरी आली की भरती. मंजुरीआधी पैसे भरून शस्त्रक्रिया करून घेतली तर ते पैसे योजनेतून परत मिळत नाहीत. ही योजना रोखरहित आहे, इथे बिलाची भरपाई होत नाही. खरोखर तातडीचं असेल तर आधी उपचार आणि मागून कागद अशी सोय आहे, पण तेही आरोग्यमित्राकरवीच.

५. "पॅकेजमधली लेन्स साधी असते, चांगली हवी तर वरचे भरा" असं कोणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. पॅकेजमध्ये काय बसतं ते आरोग्यमित्रासमोर विचारा. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा.

तपासून घ्या: गल्लीत नेत्रशिबिर लागलं असेल तर तिथे तपासणी करून घ्यायला हरकत नाही, पण शस्त्रक्रिया रुग्णालयातच व्हायला हवी. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या योजनेतून, परत तपासायला कधी आणि कोणाकडे, ही उत्तरं कागदावर मिळाल्याशिवाय गाडीत बसू नका. शिबिरात बहुधा मोतीबिंदू हुडकतात. प्रेशर आणि पडदा पाहिला नसेल तर ती पूर्ण तपासणी झाली असं धरू नका.

## टप्पा ८: अडलं तर

योजनेच्या रुग्णालयानं पैसे मागितले तर आधी तिथल्याच आरोग्यमित्राकडे, मग १५५३८८ वर तक्रार. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. कामगार विम्यात अडलं तर दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सिव्हिलमध्ये अधीक्षक कार्यालय आहे. तोंडी भांडणाचा कागद होत नाही.

पुढच्या तपासणीची तारीख केसपेपरवरच मागून घ्या. साखर असेल तर वर्षानं, पडद्यावर बदल दिसला असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या महिन्यांनी. वाढत्या मायनस नंबरचं पोर असेल तर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं, तेही विचारून. केसपेपर एकाच पिशवीत ठेवा आणि ती पिशवी रेशनकार्डाशेजारी.